पॅरिसमध्ये मापात बसलेला ब्लाऊज

माझ्या सख्ख्या बहिणीनं मला फसवलं, आणि तेही थेट युरोपात नेऊन. मुलुंडला बसून फसवलं असतं तर निदान विमानाचं भाडं तरी वाचलं असतं! हे मी आता हसत सांगते, पण हसू येतं म्हणून नाही. रडत सांगितलं की लोक ताईची बाजू घेतात, हे मला अनुभवानं कळलंय.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं, आमच्या बिल्डिंगीत तीन घरांत रंगीत टीव्ही आले होते, आणि माझं लग्न हा तिन्ही मजल्यांचा सामायिक विषय होता. वडील गेलेले. मुलुंडच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये मी आणि आई. फोर्टातल्या एका ऑफिसात माझी स्टेनोची नोकरी. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, लग्न होऊन अंधेरीला गेलेली. तिचं सासर मोठं, माणसं ढीगभर, आणि ती सगळी माणसं काय म्हणतील, ही ताईची बारा महिने तेरा काळ चालणारी काळजी.

मला बघायला किती जण येऊन गेले ते मोजणं मी कधीच सोडून दिलं होतं. तेच ते पोहे, तोच ट्रे, 'नोकरी सोडणार का', 'भजनाची आवड आहे का', आणि पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड, की योग दिसत नाही. शेवटच्यानं तर माझ्यादेखत ताईला विचारलं, "ह्यांचं वय नक्की चौतीसच ना?" मी म्हटलं, "दाखला आणू, की दात मोजताय?" पोहे तसेच राहिले. पाहुणे चहा न घेता गेले.

ते गेल्यावर मी ताईला स्वैपाकघरात उभं केलं आणि सांगितलं, बस झालं. यापुढे मी कुणापुढे ट्रे घेऊन जाणार नाही. माझं मला कुणी आवडलं तर बघेन, नाही आवडलं तर आहे तशी मजेत आहे. मला बाजारातल्या वांग्यासारखं कुणी दाबून बघायचं नाही. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या गळ्याला हात लावून म्हणाली, "तुझ्या गळ्याशप्पथ, पुन्हा नाही." मी तिच्यावर विश्वास ठेवला. बहिणीवर नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?

आणि मग वर्षभरात तिनं युरोपचं काढलं. मुंबईहून निघणारी सतरा दिवसांची टूर, रोमपासून लंडनपर्यंत. भावोजींना रजा नव्हती. "आपण दोघीच जाऊ या गं," ती म्हणाली. "सासू नाही, नवरा नाही, पोरं नाहीत. दोघीच." लहानपणी शेजारच्यांकडून मिळालेल्या जुन्या कॅलेंडरांच्या पानांची आम्ही वह्यांना कव्हरं घालायचो. माझ्या भूगोलाच्या वहीवर व्हेनिस होतं, तिच्या गणिताच्या वहीवर पॅरिस. मोठ्या झालो की दोघी जाऊ, असं आम्ही तेव्हा ठरवलं होतं. ते तिला आठवतंय ह्याचाच मला इतका आनंद झाला, की मी साठवणीतले पैसे काढले आणि पासपोर्टच्या रांगेत उभी राहिले. आईनं चिवडा केला, गूळपोळ्या केल्या. वरच्या मजल्यावरून एक कोट आला, खालून लोकरी मोजे आले. सहार विमानतळावर आम्हाला सोडायला अर्धी बिल्डिंग आली होती, आणि साडीवर कॅनव्हासचे बूट घातलेल्या आम्ही दोघी हार सांभाळत आत गेलो.

आमच्या ग्रुपमध्ये तीसेक माणसं होती, बहुतेक मराठी. त्यात सांताक्रूझचे एक आई आणि मुलगा होते. काकू सत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार. मुलगा चाळिशीचा, चष्मेवाला, औषधांच्या कंपनीत नोकरीला, धाकट्या बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेला. हे सगळं मला काकूंनी रोममध्येच सांगितलं, कारण पायऱ्या चढताना त्यांनी एका बाजूनं मुलाचा हात धरला आणि दुसऱ्या बाजूनं माझा. ताई मागे राहून फोटो काढत होती. तिला फोटोंची एवढी हौस कधीपासून लागली, असं मला वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

रोमच्या त्या जुन्या पडक्या रिंगणासमोर गाईड तासभर बोलला. काकूंचा मुलगा माझ्या शेजारी उभा होता. हळूच म्हणाला, "आपल्याकडे असतं तर म्युनिसिपालटीनं धोकादायक इमारत म्हणून कधीच नोटीस लावली असती." मी खो खो हसले. सगळ्या ग्रुपनं वळून बघितलं. तो मात्र गाईडकडे बघत राहिला, अगदी साळसूद.

फ्लोरेन्समध्ये मी हरवले. एका चर्चच्या घुमटाला आतून रंगवलंय, ते मान वर करून बघत बसले, आणि खाली बघितलं तर आपलं माणूस एकही नाही. बाहेर चार गल्ल्या, चारही सारख्या. माझी वाट लागली. रडायच्या बेतात होते, तेवढ्यात हा समोरून आला, हातात दोन आइस्क्रीमचे कोन, दोन्ही वितळून कोपरापर्यंत ओघळलेले. मला शोधायला निघताना घेतले होते म्हणे, सापडेन तेव्हा मला भूक लागलेली असेल म्हणून. मी माफी मागायला लागले तर म्हणाला, "तुम्ही कुठे हरवलात? बस हरवली." आम्ही तिथेच पायरीवर बसून ते ओघळलेलं आइस्क्रीम खाल्लं. ग्रुप वीस मिनिटं खोळंबला होता आणि मला त्याची काडीइतकीही लाज वाटली नाही.

व्हेनिसला होडीत मी त्याला आईचा चिवडा दिला. बोलता बोलता मुलुंडच्या पोह्यांच्या ट्रेबद्दल सगळं सांगून टाकलं, दात मोजण्यासकट. तो हसला. म्हणाला, "मी चार वेळा गेलो तसा बघायला. चारही वेळा घास गिळवला नाही. हे असं बरं आहे." मी म्हटलं, "कसं?" तो म्हणाला, "असं. निवांत." मला वाटलं, तो होडीबद्दल बोलतोय.

स्पष्टच सांगते. मला तो आवडला. खूप आवडला. आणि तो कुणी सुचवलेला नव्हता, कुणी पत्रिका आणलेली नव्हती, मध्ये काका-मावशी नव्हती. भर रस्त्यात, माझं मी शोधलेलं माणूस होतं ते. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी पारखून न बघता माझ्याशी नुसतं बोललं होतं. त्याचा मला इतका अभिमान वाटत होता, की स्वित्झर्लंडच्या हॉटेलात मी पांघरुणात तोंड खुपसून ताईला सांगितलं. ती ताडकन उठून बसली. "अय्या! खरंच?" म्हणाली आणि मला मिठी मारली. बाकी सगळं एक वेळ मी माफ करीन. तो 'अय्या' मी मरेपर्यंत माफ करणार नाही.

पॅरिसला पोचलो त्या संध्याकाळी काकूंनी मला खोलीत बोलावलं. हॉटेलच्या चहाबरोबर आलेला साखरेचा चौकोनी तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि कागदात गुंडाळलेली साडी दिली. मोरपिशी, बारीक जरीकाठाची. "उद्या सकाळी नेस बाळा, मला बरं वाटेल," म्हणाल्या. मला वाटलं, म्हातारीला रोमपासून हात दिला त्याची परतफेड. मी वाकून नमस्कार केला. साखर आणि साडी, दोन्ही एकदम! एखाद्या शेंबड्या पोरीलाही कळलं असतं. पण मी कुठे कळून घेत होते? मी माझ्याच आनंदात.

सकाळी साडी उलगडली तर आत ब्लाऊज. शिवलेला. मला गंमत वाटली, की बिचाऱ्या काकूंनी स्वतःसाठी शिवून घेतला असेल, मला कसला होतोय. घालून बघितला. बसला. नुसता बसला नाही, चपखल बसला. आता, माझा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धं बोट खाली आहे. तयार ब्लाऊज मला कधी होत नाही, डावीकडे चोळामोळा होतो. हे जगात तीन माणसांना माहीत. मला, आईला आणि मुलुंड स्टेशनजवळच्या आमच्या टेलरला, जो त्या खांद्याला आतून कापडाची एक घडी घालतो. मी बोट घालून बघितलं. घडी होती.

पसंती झाली की मुलाकडचे मुलीला साडी देतात, आणि ती नेसून तिनं मोठ्यांच्या पाया पडायचं. आमच्यात शहाणी माणसं ब्लाऊजही आधीच शिवून ठेवतात, म्हणजे मुलीचा खोळंबा नको. त्यासाठी मुलीच्या घरून मापाचा ब्लाऊज गुपचूप मागवायचा. पण मागवून कुठल्याही टेलरकडे टाकायचा. आमच्या घरच्या बायांनी तो माझ्याच टेलरकडे टाकला. खांदा नीट बसावा, म्हणून. मायेपोटी चोरी उघडी पडली.

ताई आंघोळ करून बाहेर आली. मी ब्लाऊज घालून, साडी अर्धवट नेसून आरशासमोर उभी होते. "ताई, हा माझ्या मापाचा कसा?" ती म्हणाली, "योगायोग गं." मी खांद्यातली घडी बोटानं उलटून दाखवली. मग ती पलंगावर बसली आणि घडाघडा बोलली. मुलगा तिच्या सासूबाईंच्या मावसबहिणीचा. पत्रिका गेल्या दिवाळीतच जुळली होती. भावोजींना रजा होती, पण त्यांनी घेतली नाही. आईला सगळं ठाऊक. "सांगितलं असतं तर आली असतीस का तू? तोंड तरी उघडलं असतंस का त्याच्यापुढे?"

"माझ्या गळ्याची शपथ घेतली होतीस."

"तुझ्या बऱ्यासाठीच ना गं!"

सतरा दिवसांचा पोह्यांचा कार्यक्रम! रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, आणि ट्रे म्हणून मीच. मला एकच दिसत होतं, की त्याला सगळं माहीत होतं. माझं वय, माझी रास, माझे नकार. मी होडीत चिवडा देत देत काळीज उघडं केलं आणि तो 'निवांत' बघत होता. माझ्या डोक्यात तिडीक उठली. मी साडी खोचली आणि तशीच खाली नाश्त्याच्या हॉलमध्ये गेले. ताई ओल्या केसांनी माझ्यामागे धावत आली.

मला मोरपिशी साडीत बघून काकू हसून उठायला लागल्या. मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि त्याला म्हटलं, "काय हो, झाली का पारख पुरी? की अजून काही दाबून बघायचंय? आइस्क्रीम कुणी आणायला सांगितलं होतं, ताईनं की तुमच्या आईनं?" तीस माणसांचे चमचे थांबले. तो उभा राहिला, चेहरा पांढराफटक. "अहो, पण तुम्हाला तर..." एवढं म्हणून त्यानं माझ्या खांद्यावरून ताईकडे बघितलं. मी म्हटलं, "तिच्याकडे काय बघताय? मी विचारतेय. नाटकी माणूस! तुमच्यापेक्षा ते दात मोजणारे बरे, निदान घरी येऊन मोजत होते." काकूंनी हातातली बशी खाली ठेवली. त्या रडल्या. मी पाठ फिरवली आणि वर गेले. ह्या सगळ्यात ताई माझ्यामागे दोन हातांवर उभी होती. एक शब्द बोलली नाही.

त्यानंतरचं पॅरिस मी बसच्या खिडकीतून बघितलं. तो मनोरा, ती नदी, सगळं येऊन गेलं असेल.

इंग्लंडला तेव्हा बोटीनं जायचं. डेकवर वारा भणाणत होता, मी कठड्याशी एकटी उभी होते. तो आला. चार हात लांब थांबला. "एकच सांगतो आणि जातो," म्हणाला. "मला आणि आईला सांगण्यात आलं होतं की तुम्हाला सगळं माहीत आहे, आणि तुमची संमती आहे. फक्त तुमची अट आहे की नातं काढायचं नाही, विषय काढायचा नाही, अनोळखी म्हणून राहायचं. मला ते फार आवडलं होतं. वाटलं, तुम्हीही मला बघताय."

मी म्हटलं, "मला काही माहीत नव्हतं. काल सकाळपर्यंत काहीसुद्धा नाही."

त्यानं चष्मा काढून पुसला. "फ्लोरेन्सला मला कुणी पाठवलं नव्हतं," म्हणाला. मग चष्मा परत लावून, "आई फार दुखावलीय. ती म्हणते, सगळं ठरवून आपला अपमान केला. तुमच्या ताईंनी तिला खरं काय ते सांगितलं, तर ती ऐकेल. माझं ऐकणार नाही, मी तुमची बाजू घेतो म्हणते." तेवढ्यात काकूंनी आतून हाक मारली आणि तो गेला.

म्हणजे काल त्या हॉलमध्ये ताईनं एक वाक्य बोलायचं होतं. एकच. 'थांब, तुला अंधारात ठेवलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं.' मी त्या माणसाला नाही नाही ते बोलत होते, ती ऐकत होती, आणि तिला माहीत होतं की त्याचा काडीचा दोष नाही.

लंडनच्या हॉटेलात मी तिला धरलं. "का गप्प बसलीस?"

"काय बोलणार होते मी? सगळ्यांसमोर म्हणू, की मी दोन्हीकडे खोटं बोलले? सासूबाईंच्या माहेरची माणसं आहेत ती. अंधेरीला तोंड दाखवायला जागा उरली असती का मला?"

मी ओरडले नाही. मी तिच्या पाया पडले. खरंच पडले, कार्पेटवर. "ताई, आता जाऊन काकूंना सांग. दोघींतच सांग. तुझी फजिती झाली तर मी तुझ्या सासूची क्षमा मागीन, पण एवढं कर." त्यावर तिनं मला उठवलं, डोळे पुसले, केस नीट केले. "सांगते," म्हणाली. खाली गेली, अर्ध्या तासानं आली. "सांगितलं गं. नको काळजी करूस." त्या दिवशी मला पुन्हा माझी जुनी ताई भेटली असं वाटलं. दोन दिवस मी लंडन मन लावून बघितलं आणि वाट बघितली.

दोन दिवसांत तो आला नाही. लिफ्टमध्ये भेटला तर नजर खाली. परतीच्या विमानात तो आणि काकू आमच्या चार रांगा पुढे बसले. जेवणाचे ट्रे गेल्यावर मी ताईला विचारलं, "तू नक्की काय सांगितलंस त्यांना?"

ती मासिक चाळत होती. "हेच, की तुला सगळं माहीत होतं. पण तुझं डोकं असं मधेच फिरतं, मनात काही नसतं. एवढं धरून बसू नका."

मला आधी कळलंच नाही. "मला माहीत होतं? असं सांगितलंस? म्हणजे बोटीवर मी त्याच्याशी खोटं बोलले, असंच झालं ना!"

"मग काय सांगू? त्यांनी नकार कळवलाय. म्हणाल्या, डोक्यात वारं असलेली मुलगी नको. जाऊ दे ना! स्थळं काय ओस पडलीयत? बोरिवलीचा एक आहे माझ्या नजरेत, ह्याच्यापेक्षा बरा."

"मला बोरिवलीचा नको, ताई," मी म्हटलं. "मला हाच हवा होता." आयुष्यात असं वाक्य मी पहिल्यांदा म्हणत होते आणि ते चांगलंच मोठ्यानं आलं. पलीकडच्या बाईनं वळून बघितलं.

ताईनं माझं मनगट दाबलं. "हळू बोल! त्यांना ऐकू जाईल."

त्यालाच तर ऐकू जायला हवं होतं. पण मी हळू बोलले. म्हणजे गप्पच बसले. पॅरिसला तीस माणसांसमोर जीभ चालवणारी मी, बहिणीनं डोळे वटारले तशी सातवीतल्या पोरीसारखी खुर्चीत मागे सरकले. त्याचं डोकं मला समोर दिसत होतं, मागून जरा विरळ झालेले केस, वाचायच्या दिव्याखाली. मुंबई यायला अजून पाच तास होते. चार रांगांचं अंतर होतं. मी उठले नाही.